मोटर पुढे नको, मागे हवी!

ई-सायकल घेऊन ग्रुप राइडला येणं म्हणजे चीटिंग का, यावरून ग्रुपाग्रुपांत वाजतंय. पण बोलायला हवं ते पेसबद्दल. आणि त्याहून जास्त, सगळ्यात मागे राहिलेल्या माणसाबद्दल.

शनिवारी रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो. ‘उद्या सोशल राइड. पहाटे साडेपाच. खडकवासला करून सिंहगड. सगळ्यांचं स्वागत. नो ड्रॉप.’ खाली धडाधड अंगठे येतात. मग कुणीतरी हळूच विचारतं, ‘ई-सायकल आणली तर चालेल का?’

आणि ग्रुप पेटतो.

‘चालेल की!’ ‘मग स्कूटीच आणा ना.’ ‘चार्जिंग संपलं तर ढकलणार कोण?’ ‘आमच्या घामाला काही किंमत आहे की नाही?’ मध्येच हसून लोळणारे इमोजी. ॲडमिन बिचारा हात जोडलेला इमोजी टाकून मोकळा होतो. विचारणारा गप्प बसतो. आणि बहुतेक वेळा रविवारी तो येतच नाही.

पुणे असो, नाशिक असो, कोल्हापूर नाहीतर नागपूर, रविवारी पहाटे सायकली काढणाऱ्या ग्रुपांमध्ये ई-सायकलचा विषय निघाला की थोड्याफार फरकाने हेच होतं. तर या वादात आमची बाजू आधीच सांगून टाकतो. सोशल राइडला ई-सायकल आली पाहिजे, आणि तिला मानाने सामावून घेतलं पाहिजे. पण तिने पुढे पळायचं नाही. तिची जागा मागे, शेवटच्या माणसासोबत. असं का म्हणतोय, ते जरा सविस्तर बोलू.

आधी ‘चीटिंग’चं मिटवून टाकू

चीटिंग कधी होतं? नियम ठरलेले असतात, त्यावर कुणाचं तरी पदक किंवा नाव अवलंबून असतं, आणि एखादा लपूनछपून नियम मोडतो, तेव्हा. सायकलिंगच्या जगात हे घडलेलं आहे. जानेवारी २०१६ मध्ये बेल्जियममधल्या झोल्डर इथे सायक्लोक्रॉसची जागतिक स्पर्धा होती. तिथे फेम्के व्हान डेन ड्रिश या १९ वर्षांच्या खेळाडूसाठी ठेवलेल्या सायकलच्या फ्रेममध्ये लपवलेली मोटर सापडली. यूसीआय या सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तिच्यावर सहा वर्षांची बंदी घातली. ते चीटिंग होतं, वादच नाही. पण त्याच यूसीआयने २०१९ पासून ई-माउंटन बाइकची स्वतंत्र जागतिक स्पर्धा सुरू केली. म्हणजे आक्षेप मोटरला नव्हता, लपवाछपवीला होता.

आपल्याकडे अनेक जण बीआरएम करतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर वीस तासांत. तिथे मोटर चालत नाही. सगळं अंतर स्वतःच्या पायांवर काढायचं असतं. तेही बरोबरच. पण रविवारच्या राइडला पदक काय असतं? मिसळ. आणि तीही टीटीएमएम! जिथे स्पर्धाच नाही तिथे चीटिंग नेमकं कुणाशी?

हां, एक जागा आहे. स्ट्राव्हा. मोटर लावून घाट चढायचा आणि ॲपमध्ये ती साधी राइड म्हणून टाकून सेगमेंटवर मिरवायचं, हे मात्र चीटिंगच. ॲपमध्ये ई-बाइक राइड असा वेगळा पर्याय आहे. तो निवडायला दोन सेकंदं लागतात. विषय संपला.

आणखी एक गंमत बघा. ‘चीटिंग’ म्हणून नाक मुरडणाऱ्याकडे स्वतःची लाख-दीड लाखाची कार्बन फ्रेमची सायकल असू शकते. वजन आठ-नऊ किलो. ज्याला तो हसतोय त्याच्याकडे असते तीस-पस्तीस हजारांची ई-सायकल, वजन वीस-बावीस किलो. पैसे मोजून वजन कमी केलं की ते ‘अपग्रेड’ आणि पैसे मोजून मोटर घेतली की ते ‘चीटिंग’? हे काही पटत नाही राव.

शिवाय ई-सायकल घेऊन कोण येतं, तेही पाहा ना. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले काका. बाळंतपणानंतर पुन्हा सायकल सुरू करायची इच्छा असलेली ताई. दिवसभर दुकानात उभं राहून नोकरी करणारा मुलगा. नवऱ्यासोबत राइडला यायचंय, पण त्याच्या वेगाने येणं जमत नाही अशी बायको. आणि कुणी सांगावं, तुमची आई. ‘मला कुठे झेपणार तुमच्याबरोबर’ असं वर्षानुवर्षं म्हणणारी बाई पेडल असिस्टच्या जोरावर खडकवासल्याच्या चौपाटीपर्यंत आली, तर त्यात कुणाचं काय बिघडलं? पेडल असिस्टमध्ये पाय मारावेच लागतात. मारले नाहीत तर मोटर बंद पडते. घाम त्यांनाही येतो.

कायद्याचं काय?

‘ई-सायकल म्हणजे मोटरसायकलच’ असं म्हणणाऱ्यांसाठी हेही सांगायला हवं. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची ताकद २५० वॉटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर असं वाहन ‘मोटार वाहन’ धरलं जात नाही. त्याला लायसन्स लागत नाही, नंबरप्लेट लागत नाही. पेडल असिस्टच्या सायकलींसाठी तर स्पष्ट अट आहे की वेग वाढत जाईल तशी मोटरची मदत कमी होत गेली पाहिजे, आणि ताशी २५ ला किंवा त्याआधी पाय थांबले तर ती पूर्ण बंद झाली पाहिजे.

याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या. कुणी ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून वेगमर्यादा काढून घेतली असेल, जास्त ताकदीची मोटर बसवली असेल, आणि गाडी चाळीसने पळत असेल, तर ती आता सायकल राहिलेली नाही. कायद्याच्या नजरेतही नाही आणि ग्रुपच्याही नाही. तिला सायकल राइडमध्ये जागा नको. इथे मात्र ॲडमिनने हात जोडत बसू नये. सरळ नाही म्हणावं.

सपाटीला मागे, घाटात पुढे

मग ई-सायकल आली की ग्रुपची घडी का विस्कटते? त्यामागे साधं गणित आहे.

सिंहगडचाच घाट घ्या. पायथ्यापासून वर साधारण नऊ किलोमीटर. समजा, एखादा ७० किलोचा मुलगा १५ किलोची साधी एमटीबी घेऊन निघालाय. रोज न चालवणारा माणूस सलग तासभर शंभर-सव्वाशे वॉट ताकद लावू शकला तरी खूप. सात टक्क्यांच्या चढावर एवढ्या ताकदीत त्याचा वेग पडतो ताशी सहा किलोमीटरच्या आसपास. आता तेवढ्याच दमाच्या मित्राला ई-सायकल द्या. सायकल जड, पण पायांच्या ताकदीत मोटरच्या जवळपास अडीचशे वॉटची भर. त्याचा वेग जातो पंधराच्या घरात. म्हणजे पहिला दीड तासाने वर पोचणार आणि दुसरा चाळीस मिनिटांच्या आत! हिशोब ढोबळ आहे, वजन आणि रस्त्याप्रमाणे आकडे बदलतील. पण फरक केवढा आहे ते कळतं. पहिला वर पोचेपर्यंत दुसऱ्याची कांदाभजी, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही सगळं उरकलेलं असतं.

आता तेच दोघं सपाट रस्त्यावर आणा. पुढचे रोडबाइकवाले अठ्ठावीसने निघालेत. ई-सायकलची मोटर पंचविसाला हात वर करते. त्यापुढे बावीस किलोचं धूड स्वतःच्या पायांनीच ओढायचं. म्हणजे घाटात हवेत उडणारा हाच गडी इथे तोंडाला फेस आणून मागे पडतो.

आणि तिसरी जागा, उतार. जड सायकल थांबायला जास्त अंतर घेते. सिंहगडच्या किंवा पन्हाळ्याच्या वळणांवर पुढच्या सायकलच्या चाकाला चिकटून जड ई-सायकल उतरवणं म्हणजे अपघाताला आमंत्रणच.

बिनमोटरच्या ग्रुपमध्ये सहसा एक क्रम लागलेला असतो. सपाटीला जो पुढे, तो चढालाही बहुतेक पुढेच. कोण कुठे असणार हे सगळ्यांना सवयीने माहीत असतं. मोटर आली की हा क्रम दर थोड्या वेळाने उलटापालटा होतो. भांडणाचं मूळ इथे आहे. घाटात जीव काढून पाय मारणाऱ्याच्या बाजूने कुणीतरी सुसाट जातो, आणि वरून ‘चला चला, जमतंय!’ असं ओरडतो. अशा वेळी माणूस चिडणार नाही तर काय करेल?

पण हा पेस आहे कुणाचा?

खरं सांगायचं तर पेसचं दुखणं मोटरने आणलेलं नाही. ते आधीपासून आहे. ‘नो ड्रॉप’ लिहायचं आणि पहिल्या पाच किलोमीटरमध्ये नव्या पोरांना मागे टाकून निघून जायचं, हे तगड्या रोडबाइकवाल्यांनी वर्षानुवर्षं केलंय. ई-सायकलमुळे फक्त इतकंच झालं, की कालपर्यंत जे पुढे असायचे त्यांनाही घाटात मागे राहणं म्हणजे काय ते कळलं.

पहिला घोळ असतो शब्दांचा. ‘ॲव्हरेज वीस’ असं मेसेजमध्ये लिहिलेलं असतं. नव्या मुलीला वाटतं, वीसने चालवायचं, जमेल. पण सिग्नल, स्पीडब्रेकर, चढ, गर्दी हे सगळं धरून ॲव्हरेज वीस काढायचं तर मोकळ्या रस्त्यावर चोवीस-पंचवीसने चालवावं लागतं. आणि पाचचा हा फरक छोटा नाही. सपाट रस्त्यावर आपली जास्तीत जास्त ताकद वारा कापण्यात जाते. वीसवरून पंचवीसवर गेलं की वेग वाढतो फक्त सव्वापट, पण वाऱ्याशी झगडायला लागणारी ताकद होते जवळपास दुप्पट. पुढच्याला ‘थोडंसंच तर वाढवलं’ असं वाटतं आणि मागच्याचे पाय भरून येतात.

दुसरी गोष्ट, रबरबँड. वीस जणांची रांग स्पीडब्रेकरपाशी हळू होते. पहिला ओलांडतो आणि लगेच वेग धरतो. शेवटचा अजून ब्रेक दाबून उभा. तो ओलांडेपर्यंत पुढचे शे-दीडशे मीटर गेलेले. ते अंतर भरून काढायला त्याला दर स्पीडब्रेकरला, दर सिग्नलला स्प्रिंट मारावी लागते. म्हणजे सगळ्यात कमी दम असलेलाच सगळ्यात जास्त पळतो. पुढच्याने अडथळा ओलांडल्यावर अर्धा मिनिट निवांत चालवलं तरी हे टळतं. पण ते कुणी सांगतच नाही.

तिसरी गोष्ट तर अगदी रोजची. पुढचे दहा मिनिटं आधी चहाच्या टपरीवर पोचतात. चहा होतो, सेल्फी होतात. शेवटचा धापा टाकत येतो, हेल्मेट काढतो, आणि पुढून आवाज येतो, ‘चला, सगळे आले का? निघू या!’ ज्यांना गरज नव्हती त्यांना दहा मिनिटं विश्रांती आणि ज्याला गरज होती त्याला शून्य. याला थांबणं म्हणत नाहीत. ग्रुपने थांबायचं असेल तर शेवटचा माणूस टेकल्यापासून पाच मिनिटं मोजायची. आधीची धरायची नाहीत.

हे सगळं बारीकसारीक वाटेल. पण शेवटचा माणूस कुठे असतो त्याचा विचार करा. पहाटे पावणेसहाला अजून पुरता उजेड नाही. हायवेच्या कडेला ट्रक घासून जातायत. रस्ता नवीन. पुढच्यांचे लाल लाइट दिसेनासे झालेत. चेन पडली आहे आणि हाताला ग्रीस लागलंय. आणि त्या जागी एखादी मुलगी असेल, तर मागे येणारी प्रत्येक बाइक तिला वळून बघावी लागते. तिच्या घरी सांगितलेलं असतं, ‘काळजी करू नका, ग्रुपसोबत जातेय.’ ग्रुप कुठे आहे? तीन किलोमीटर पुढे, मिसळीची ऑर्डर देतोय.

असा माणूस भांडत नाही. तो ग्रुपवर तक्रारही टाकत नाही. ‘पुढच्या रविवारी घरी काम आहे’ असं सांगतो आणि सायकल बाल्कनीत उभी राहते, तिच्यावर टॉवेल वाळत पडतात. ग्रुप मात्र ‘नवीन लोक टिकत नाहीत’ म्हणून हळहळतो.

मागची जागा मानाची

सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. ट्रेकला पुढे एक लीड असतो आणि मागे एक टेल. टेल म्हणून कच्चा गडी ठेवत नाहीत, चांगला मुरलेला ठेवतात. त्याच्या मागे कुणीही नसतं, म्हणजे कुणी सुटलं, पाय मुरगळला, पाणी संपलं, तर सगळं त्यालाच निस्तरायचं असतं. सायकल राइडला मात्र आपण उलटं करतो. तगडे सगळे पुढे आणि मागे ज्याचं त्याचं नशीब.

आता ई-सायकलकडे पुन्हा एकदा बघा. ग्रुपमध्ये असं एक वाहन आहे ज्याच्याकडे शिल्लक ताकद आहे, जे चढाला पुढे-मागे करू शकतं, थांबून पुन्हा ग्रुपला गाठू शकतं, आणि चालवणाऱ्याचा जीव निघत नाही. हे पुढे पळवण्यात वाया का घालवायचं? कुणाची सायकल पंक्चर झाली, तर साधा सायकलवाला थांबून मदत करतो आणि मग पुढच्यांना गाठताना त्याचंच कंबरडं मोडतं. ई-सायकलवाला पंप घेऊन मागे जाऊ शकतो. पुढच्या लीडला ‘दोन जण मागे आहेत, पुढच्या फाट्याला थांबा’ हा निरोप देऊन परत येऊ शकतो. जास्तीचं पाणी, ट्यूब, फर्स्ट एड असं सामान कॅरिअरवर घेऊ शकतो. घाटात शेवटच्या माणसाच्या बाजूने, त्याच्याच वेगाने, गप्पा मारत येऊ शकतो. दमलेल्या माणसाला ‘जमतंय, जमतंय’ असं वरून ओरडणारा नको असतो, बाजूने चालणारा हवा असतो.

ई-सायकलवाल्याने पुढे यायचंच असेल तर एकाच कामासाठी यावं. समोरून जोराचा वारा असेल तेव्हा दमलेल्या माणसाच्या पुढे राहून त्याला आडोसा द्यायला. पुढच्या सायकलच्या मागे नीट राहिलं तर वाऱ्याचा विरोध बराच कमी होतो, हे ड्राफ्टिंग तुम्हाला माहीत आहेच. पण तेव्हाही वेग ठरवणार मागचा. आरसा नसेल तर दर मिनिटाला मान वळवून बघायचं, तो मागे आहे ना.

अर्थात, पहिल्यांदाच ई-सायकल घेऊन आलेल्या काकूंना ‘तुम्ही टेल’ असं सांगणं म्हणजे जबाबदारी ढकलणं झालं. त्यांना आधी राइडची सवय होऊ दे. टेल नेहमी अनुभवीच हवा. ज्याला पंक्चर काढता येतं, रस्ता माहीत आहे आणि ज्याच्या फोनला चार्ज आहे असा. तो ई-सायकलवर असेल तर उत्तमच.

ई-सायकलवाल्यांनो, थोडं तुम्हालाही

मानाने या म्हटलं, त्याचा अर्थ हवं तसं या असा होत नाही. पहिली गोष्ट, थ्रॉटल. अनेक ई-सायकलींना पाय न मारता पळवायची सोय असते. घोळक्यात तिला हात लावू नका. पेडल असिस्टही सगळ्यात खालच्या लेव्हलवर ठेवा. स्वस्त सायकलींमध्ये पाय मारल्यावर मोटर क्षणभर उशिरा सुरू होते आणि पाय थांबवल्यावरही क्षणभर ढकलत राहते. एकट्याने चालवताना कळत नाही, पण पुढच्याचं चाक हातभर अंतरावर असताना तो एक क्षण पुरेसा असतो. म्हणून पुढच्यापासून दोन सायकलींचं अंतर ठेवा आणि उतारावर त्याहून जास्त.

दुसरी, बॅटरी. पूर्ण चार्ज करून या. कंपनीने सांगितलेली रेंज सपाट रस्त्याची आणि हलक्या माणसाची असते. घाट आला की ती भराभर खाली येते. बॅटरी संपलेली ई-सायकल ही त्या राइडमधली सगळ्यात जड सायकल असते, आणि मग तुमची वाट बघत सगळा ग्रुप उन्हात उभा राहतो.

तिसरी, पंक्चर. हब मोटर मागच्या चाकात असेल तर ते चाक साध्या सायकलसारखं चुटकीसरशी निघत नाही. नटाच्या मापाचा पाना लागतो, मोटरच्या वायरचं कनेक्टर सोडवावं लागतं. पाना स्वतःजवळ ठेवा आणि एकदा घरी चाक काढून-घालून बघा. रस्त्यावर प्रयोग नकोत.

आणि चौथी. ओव्हरटेक करताना ‘उजवीकडून येतोय’ असं सांगा. घाटात दमलेल्या माणसाला मागून येणारी मोटर ऐकू येत नाही. तो वळणावर झिगझॅग चालवत असतो. सांगून जाणं ही साधी माणुसकी आहे.

आणि बिनमोटरवाल्यांनो

ई-सायकलशी घाटात रेस लावू नका. २५० वॉटच्या मोटरला धाप लागत नाही, तुम्हाला लागते. तिच्या कॅरिअरला किंवा चालवणाऱ्याच्या खांद्याला धरून चढ चढण्याचा आचरटपणाही नको. दोघंही पडता. ‘स्कूटी’, ‘चार्जर आणला का’ हे जोक पहिल्यांदा कदाचित हसवतात, दहाव्यांदा माणसाला घरी बसवतात.

आणि जो नियम मोटरला, तोच तुमच्या तयार पायांना. वर्षभर घाट मारून तुमचे पाय तगडे झालेत, फार छान. पण सोशल राइडला ती ताकदही मागेच कामाला यायला हवी. पळायची खुमखुमी असेल तर शनिवारी ट्रेनिंग राइड ठेवा. त्यात काही वावगं नाही. वेगाने चालवण्यात मजा असते आणि तिच्यासाठी वेगळा दिवस असायलाच हवा. फक्त तिला ‘सोशल’ म्हणू नका, ‘नो ड्रॉप’ लिहू नका. मेसेजमध्ये खरं लिहा, म्हणजे यायचं की नाही ते प्रत्येकाला ठरवता येईल.

सोशल पेसची एक सोपी परीक्षा आहे. शेवटच्या माणसाला काहीतरी विचारा. तो धापा न टाकता अख्खं वाक्य बोलू शकला तर पेस बरोबर. नुसतं ‘हं’ आलं तर वेग कमी करा. ही परीक्षा पुढच्या माणसाची घ्यायची नाही, तो बोलतच असतो.

सायकलवाल्यांना रस्त्यावर जागा हवी आहे, वेगळे ट्रॅक हवे आहेत, गाडीवाल्यांनी मान द्यावा असं वाटतं. त्यासाठी आपण दिसायला हवं. पाच कडक सायकलिस्टांचा ग्रुप वाऱ्यासारखा निघून जातो, कुणाच्या लक्षातही येत नाही. काका, काकू, शाळेतली पोरं, ई-सायकली, जुन्या घोडा सायकली असा पन्नास जणांचा ताफा शांतपणे जातो, तेव्हा रस्त्याला दखल घ्यावी लागते. तो पन्नासचा आकडा शेवटच्या माणसाला सांभाळल्याशिवाय गाठता येणार नाही.

राइडच्या मेसेजमध्ये एवढं लिहाच

• अंतर किती, चढ कुठे आणि किती.

• मोकळ्या सपाट रस्त्यावरचा वेग. ‘ॲव्हरेज’ लिहायचं असेल तर थांबे धरून की सोडून, तेही.

• राइड सोशल की ट्रेनिंग. दोन्ही एकाच वेळी नाही.

• ई-सायकल चालेल का. चालेल, तर पेडल असिस्टवरच, थ्रॉटल नाही, वेगमर्यादा काढलेली नाही.

• लीड कोण, टेल कोण. दोघांचे फोन नंबर ग्रुपवर. लीडच्या पुढे आणि टेलच्या मागे कुणीही नाही.

• थांबे कुठे. शेवटचा पोचल्यावर पाच मिनिटांनीच निघायचं.

• हेल्मेट, पुढे-मागे लाइट, एक ट्यूब, पाणी. ई-सायकलला चाक काढायचा पाना.

• कुणाला मध्येच परत फिरायचं असेल तर टेलला सांगूनच, आणि शक्यतो सोबत कुणीतरी.

• सगळे घरी पोचल्याचे मेसेज आले की मगच राइड संपली.